आईचा बोलायचा कागद

मंगळवार, ३ मार्च

ताई,

मागच्या आठवड्यात तुला लांब पाकिटातून जे पत्र आलं, त्यात एक चूक आहे. ‘आईंना त्यांच्या आरोग्य-मुखत्यारपत्रातून आपलं नाव कमी करायचं आहे,’ असं मी लिहिलं होतं. आईला तसलं काहीही करायचं नाही. करायचं आहे मला. आईच्या तोंडी घातलं की वाक्य सभ्य दिसतं, म्हणून तसं लिहिलं. पाकीट पेटीत पडल्यापासून मला चैन नाही.

तुला ‘आपण’ म्हटलं तीही चूकच. ऑफिसातून सगळ्यांना तोच मजकूर जातो, मी फक्त नावं बदलते. तुझंही बदललं आणि खाली सही ठोकली.

आता नीट सांगते. मी एका वकीलबाईंच्या ऑफिसात काम करते. लोक तिथे मृत्युपत्र करायला येतात आणि त्याबरोबर आणखी एक कागद करतात. उद्या मला बोलता येईनासं झालं, कळेनासं झालं, तर डॉक्टरांशी माझ्या वतीनं कोण बोलेल, त्याचं नाव. कागद करून कपाटात टाकतात आणि विसरून जातात. मग नवरा-बायको वेगळे होतात, भाऊ परदेशी जातो, मैत्रीण वारते, आणि कागद आपला तसाच. म्हणून दरवर्षी प्रत्येकाला फोन करून चार प्रश्न विचारायचे, हे माझं काम. ज्यांचं नाव दिलं ते हयात आहेत का? पत्ता आणि फोन तोच आहे का? आपलं नाव दिलंय हे त्यांना माहीत आहे का? त्यांची अजून तयारी आहे का? मी हे इतकं खोदून विचारते की ऑफिसात मला ‘खोडरबर’ म्हणतात.

आणि दिव्याखालचा अंधार बघ. आईचाही असा कागद आहे हे मला या जानेवारीत कळलं. पांघरुणांच्या पेटीत तळाशी होता, लॅमिनेट केलेला. आपल्या घरात जे महत्त्वाचं ते प्लास्टिकमध्ये, तुला ठाऊकच आहे. माझी गुणपत्रिका, बाबांचं रंगाऱ्याचं ओळखपत्र, आणि त्यांच्याखाली हा. त्यावर एकच नाव, तुझं. बाबा आजारी पडायच्या आधी केलेला असणार. गोल शिक्का नेमका सालावर बसलाय, त्यामुळे वाचता येत नाही, पण दुसरा कधीचा असेल? तू घरात थोरली होतीस, मी बाहेरगावी शिकत होते, तुझंच नाव घालणार.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं. दुसऱ्यासाठी तुझा जुना नंबर लावला.

“बोला, नळ की गटार?” पलीकडून एक पुरुष.

“माझी बहीण आहे का?”

“बहीण नाही हो. वॉशर आहेत, पाइप आहेत.” मग म्हणाला, “हा नंबर कधीचा माझाच आहे. अधूनमधून एक बाई फोन करतात आणि काहीच बोलत नाहीत. त्या तुम्हीच का?”

मी नाही म्हटलं आणि ठेवला.

पत्ता मिळाला समोरच्या काकूंकडून. त्यांनी तुझ्याकडून पँटची चेन बदलून घेतली, पावतीवर तुझ्या दुकानाचं ठिकाण होतं. काकू म्हणाल्या, शिवण इतकी बारीक की चेन बदललीय हे मलाच कळेना. तू त्यांना ओळखलंस का? त्या म्हणतात ओळखलं नाहीस. मला वाटतं ओळखलंस.

मला घाई का, तेही सांगते. आईचं विसरणं आता नुसत्या वयाचं राहिलेलं नाही. मेंदूचे डॉक्टर म्हणतात, अजून समज आहे, पण ती किती टिकेल सांगता येत नाही. समज आहे तोवरच कागद बदलता येतो. नंतर तिनं सही केली तरी ती सही धरत नाहीत.

मी तिला म्हटलं, “आई, ताईचं नाव काढून माझं घालू या.”

“का? तिला काय झालं?”

“काही झालं नाही.”

“मग? नाव मेलेल्याचं काढतात.”

तिचं काय चुकलं? बाबा गेल्यावर मीच त्यांचं नाव भाड्याच्या करारातून काढलं, बँकेतून काढलं, विजेच्या बिलावरून काढलं. ती शेजारी उभी राहून बघत होती. जित्या माणसाचं नाव काढलेलं तिनं कधी पाहिलेलंच नाही.

त्या पाकिटात ‘माझी तयारी नाही’ असा एक छापील कागद होता. तो सही करून पाठवलास तर मला आईला काही विचारावंच लागणार नाही. हे तुला सांगायला हवं असं वाटलं.

धाकटी


रविवार, ८ मार्च

ताई,

तुझं उत्तर येईल असं धरून मी लिहीत नाही. तरी टपालवाला आला की जिना उतरते.

आईला पटेल अशी एक तोड काढली होती. दोन नावं ठेवायची, आधी माझं, माझ्याकडून जमलं नाही तर तुझं. असं चालतं, पुष्कळ जण करतात. कुणाचंच नाव जात नाही. आई चहात बिस्कीट बुडवत होती. तिनं ऐकून घेतलं.

“म्हणजे धाकटी वर आणि थोरली खाली?”

“आई, ती फक्त क्रमाची गोष्ट आहे.”

“तेच म्हणते मी. क्रम मी लावलाय. तुम्ही दोघी जन्माला आलात तेव्हाच लावलाय.”

बिस्कीट कपात पडलं ते पडलंच. मी चमच्यानं काढून दिलं.

दुपारी मामा आला. त्याला कुणी सांगितलं कोण जाणे, बहुतेक काकूंनी. बसता बसता म्हणाला, “कागदाचा घोळ कशाला? माझं नाव टाका. मी सख्खा भाऊ आहे, मेलो नाही अजून.”

“तू काय सांगशील डॉक्टरांना?” आईनं विचारलं. अगदी सरळ, जसं भाजीवाल्याला विचारावं तसं.

“काय म्हणजे? शेवटच्या श्वासापर्यंत सगळं करा म्हणेन. यंत्रं लावा, नळ्या लावा, पैशाचं बघू. आपल्या माणसाला कुणी सोडून देतं का?”

मामा माझ्याकडे वळून, आवाज न उतरवता म्हणाला, “थोरलीला मात्र विचारू नका. ती बटण बंद करून मोकळी होते.”

मी उठून खिडकी लावून घेतली. वारा नव्हता.

हेच वाक्य तो बाबांना पोचवून घरी आल्यावर बोलला होता. सगळे बसले होते, तू चहाचा ट्रे घेऊन उभी होतीस. तेव्हा आम्ही सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली, आईनंसुद्धा. मी ते उगाळत बसत नाही, त्यानं काही फिटत नाही. एवढंच सांगायचं होतं की वाक्य त्याला अजून पाठ आहे आणि तुझ्या पाठीमागेही तो ते तसंच म्हणतो. यात तुला बरं वाटण्यासारखं काही आहे असं लिहिताना वाटलं होतं, आता वाचताना ते सापडत नाही.

कागदावर कुणीच राहिलं नाही, तर जवळचा नातेवाईक म्हणून मामाचंही ऐकतील. वकीलबाई म्हणतात, दवाखान्यात ज्याचा आवाज मोठा त्याच्याशी डॉक्टर आधी बोलतात. बाबांचे शेवटचे आठवडे तू बघितलेस. मी फक्त सुट्टीत येऊन काचेतून बघितले.

म्हणून घाई. त्यात माझा स्वार्थ असेल तर इतकाच.

धाकटी


शुक्रवार, १३ मार्च

ताई,

काल आई हरवली होती. लगेच सापडली, घाबरू नकोस.

मी ऑफिसात होते. लाँड्रीवाल्याचा फोन आला, जिथे ती इस्त्री करायची त्या जुन्या लाँड्रीतून. मालक आता त्यांचा मुलगा आहे. म्हणाला, “तुमच्या आई आल्यात, कामाला लागल्यात. मी काय करू?”

मी पोचले तेव्हा ती टेबलाशी उभी होती आणि कुठल्याशा हॉटेलची चादर इस्त्री करत होती. तुला तिचा हात आठवतो ना? चादर आधी कडेनं, मग मधे, मग घडी, आणि घडीवरून उलटा तळवा. सगळं तसंच. एकही सुरकुती नव्हती. डोकं विसरलं तरी हात काही विसरत नाहीत.

“चल, आई.”

“थांब, थोरली येते. तिच्याबरोबर जाते. शाळा सुटली असेल.”

मालकाचा मुलगा मला हळूच म्हणाला, “राहू द्या हो. आमच्या माणसापेक्षा बरं करतायत.” तो मस्करी करत होता, पण चांगल्या मनानं. मी थांबले. ढीग संपल्यावर तिनं स्वतःच मान वर केली, मला ओळखलं, आणि म्हणाली, “अगं, मी इथे काय करतेय?” मला वाटतं विसरण्यापेक्षा हे वाईट. मधेच आठवणं.

डॉक्टरांना कळवलं. त्यांनी पुढची तपासणी लवकर ठेवली, ३१ मार्चला, मंगळवारी. त्या दिवशी ते लेखी देतील, आई स्वतःचे निर्णय घेऊ शकते की नाही. मला त्यांच्या आवाजावरून कळलं काय लिहिणार ते. वकीलबाईंनी सोमवारची, तीस तारखेची वेळ राखून ठेवली आहे. कागद बदलायचा असेल तर तेव्हा. कागद कसला, आई त्याला ‘बोलायचा कागद’ म्हणते, आणि ऑफिसातल्या कुठल्याही शब्दापेक्षा मला ते नाव जास्त बरोबर वाटतं.

आणखी एक गोष्ट, तिचा तुझ्याशी संबंध नाही. वकीलबाईंनी परवा सगळ्यांना सांगितलं, लोकांना सल्ले देता, स्वतःचे कागद कुठे आहेत? मग आम्ही सगळे बसलो. टंकलेखक बाईंनी नवऱ्याचं लिहिलं, आणि म्हणाल्या, “याच्या हातात जीव दिलाय, आता रिमोटही देते.” सगळे हसले. लेखनिकानं आपल्या भावाचं लिहिलं. मी आईचं लिहिलं.

वकीलबाई माझ्याच पद्धतीनं विचारू लागल्या. हयात आहेत? हो. पत्ता तोच? हो. त्यांना माहीत आहे? सांगेन. मग त्यांनी चौथा प्रश्न विचारलाच नाही. चष्मा काढून पुसत बसल्या.

आईचं लिहिलं, पण ते बरोबर नाही हे मलाही कळतं. दुसरं कुणाचं लिहू? समोरच्या काकू चांगल्या आहेत. ऑफिसात सगळे चांगले आहेत. पण रात्रीबेरात्री दवाखान्यातून फोन आला तर चप्पल घालून निघेल असं कोण, याचा विचार करत मी बस चुकवली. मग पुढचीही चुकवली, कारण बाकावर बसले होते आणि उठले नाही.

तो कागद मी फाडला आणि दुसरा कोरा घेतला. टेबलाच्या खणात आहे.

धाकटी


गुरुवार, १९ मार्च

ताई,

तुझं पाकीट मिळालं. ‘माझी तयारी नाही’ खाली तुझी सही आहे. बाकी काही नाही. एक चिठ्ठी असेल म्हणून मी पाकीट उलटं करून झटकलं. निळ्या दोऱ्याचा एक तुकडा पडला. तो तू मुद्दाम घातला नाहीस, कळतं मला.

मला हवं होतं तेच झालं. तुझी सही हातात आली की आईला म्हणता येईल, बघ, ताईनंच सोडलं, आता मी. म्हणून संध्याकाळी तिच्याशी बोलायला बसले. ती चांगली भानावर होती, रुमालांच्या घड्या घालत होती.

“आई, ताईचं पत्र आलंय. तिला तुझ्या कागदावर राहायचं नाही.”

तिचे हात थांबले. “आलं? उत्तर आलं तिचं?”

“हो.”

“बराच वेळ घेतला.” आणि पुन्हा घडी घालू लागली. “चार वर्षं घेतली.”

मला वाटलं ती काळ विसरली. मी म्हटलं, “अगं, मी तिला आत्ता महिन्यापूर्वी लिहिलं.”

“तू कशाला लिहिलंस? कचेरीतून कळवलेलं होतं की. हे गेले त्याच्यानंतर मी गेले होते, कोर्टाबाहेर टायपिंगवाला बसतो त्याच्याकडे. एकटी गेले. तुझ्या मामाला सांगितलं नाही, तुला सांगितलं नाही. त्यानं लिहिलं, आत जाऊन शिक्का मारून आणला, म्हणाला, झालं बाई, आता त्या बोलतील तुमच्या वतीनं. मग मी प्लास्टिक करून घेतलं.”

“आणि ताईला कुणी सांगितलं?”

“शिक्का मारल्यावर कळवत नाहीत? विजेचं बिल येतं, बँकेचं पत्र येतं. एवढा मोठा कागद, नाव घातलं तिचं, आणि तिला कळवणार नाहीत?”

ताई, मी हे दोनदा विचारलं, वेगवेगळ्या शब्दांत, जसं ऑफिसात विचारते. उत्तर तेच आलं. तिला खरोखर वाटत होतं, आणि आजपर्यंत वाटत होतं, की त्या शिक्क्याबरोबर तुला कळलं. तुला कळलं की बाबांचं तू जे केलंस त्यानंतर, त्या सगळ्या बोलण्यानंतर, आईनं स्वतःसाठी तुझंच नाव दिलं. आणि कळूनही तू आली नाहीस.

म्हणजे तिसरा प्रश्न. आपलं नाव दिलंय हे त्यांना माहीत आहे का? ओळख ना पाळख अशा लोकांना मी तो रोज विचारते.

तेव्हा माझ्या पहिल्या पत्रातलं आणखी एक दुरुस्त करून घे. कागद बाबांच्या आधीचा नाही, नंतरचा आहे. शिक्क्याखालचं साल मी माझ्या मनानं धरलं होतं. ‘जुना कागद, तू घरात होतीस म्हणून तुझं नाव’ हे सगळं माझं होतं. तू तो कागद सही केलास तेव्हा तुझ्यासमोर माझं चुकीचं पत्र होतं.

मी तिला विचारलं, “मामा बोलला तेव्हा तू गप्प का राहिलीस?”

“तोंड उघडलं असतं तर रडू फुटलं असतं. मग सगळ्यांना वाटलं असतं, भाऊ खरं बोलला म्हणून रडते. नंतर बोलू म्हटलं. नंतर ती पिशवी भरून निघून गेली. मग मी कागद केला.” पुढे म्हणाली, “फोनही लावते कधी. एक माणूस उचलतो. मला वाटतं तिनं लग्न केलं. विचारायचा धीर होत नाही.”

नळवाला, ताई.

मग मी शेवटचं विचारलं. तिचंच नाव का? माझं का नाही, हे विचारायचं होतं, पण तोंडातून असं निघालं.

आई म्हणाली, “सगळे डॉक्टरला विचारत होते. तुझा मामा विचारत होता, मी विचारत होते. वाचतील का, वाचतील का. तिनं एकटीनं त्यांना विचारलं. कानाशी वाकून. बाबा, कंटाळलात का हो? ऐकू येत नव्हतं त्यांना. तरी विचारलं, आणि किती वेळ हात धरून बसली, जसं उत्तर येणार आहे. मग उठून डॉक्टरकडे गेली, म्हणाली, आता यंत्र थांबवा. माझ्या वेळेला मला कुणीतरी विचारावं, बस.”

रुमाल संपले होते. तिनं पहिला उलगडला आणि पुन्हा घडी घालायला घेतली.

धाकटी


मंगळवार, २४ मार्च

ताई,

तुझी सही असलेला कागद माझ्याकडेच आहे. लपवला असं मात्र व्हायला नको, म्हणून काल वकीलबाईंना सगळं सांगितलं. आईचं, टायपिंगवाल्याचं, माझ्या चुकीच्या पत्राचं. त्या ऐकताना पेन्सिल टेबलावर आपटत होत्या.

“चुकीच्या माहितीवर घेतलेली सही मी फायलीत लावत नाही,” म्हणाल्या. “पण आता त्यांना नुसतं पत्र धाडूनही भागणार नाही. चौथा प्रश्न फोनवर किंवा कागदावर विचारायचा नसतो, खोडरबर. तो तोंडासमोर विचारायचा. आणि तो तू नाही विचारायचास.”

“मग कुणी?”

“जिचा कागद आहे तिनं.”

म्हणून तुला आधी सांगून ठेवते, ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी सवय जरा बाजूला ठेवून.

मी माझं नाव घालायच्या मागे लागले होते ते आईच्या काळजीनं, हे खरं आहे, पण अर्धंच. घरात शिकलेली मी, कागद मला कळतात, तर कागदावर नाव माझं का नाही, असंही होतं. मागच्या काही दिवसांत मी रोज एकदा स्वतःला त्या काचेपलीकडे उभं करून पाहते. डॉक्टर विचारतात, पुढे काय करू? माझ्या तोंडून एकच येतं. सगळं करा. मामाचंच वाक्य, जरा बऱ्या भाषेत. मला थांबा म्हणता येणार नाही, ताई. मी प्रत्येक गोष्ट पुन्हा तपासते, पुन्हा तपासायला सांगेन, आणि आई तशीच पडून राहील, कारण माझं तपासून संपलेलं नसेल.

आईला काय हवं ते तिनं परवा सांगितलं. यंत्रावर ठेवू नका. अंगाखालची चादर सरळ असू दे. खिडकी उघडी असू दे. आणि विचारा. हे मी वेगळ्या कागदावर लिहून तिच्यासमोर वाचून दाखवलं, तिनं मान डोलावली. चादरीचं दोनदा वाचायला लावलं.

तुझी तयारी नसेल तर नसेल. तुला एकदा करावं लागलं आणि त्याचं काय फळ मिळालं ते तुला माहीत आहे. दुसऱ्यांदा नको म्हणालीस तर तुला कुणी बोल लावायचा नाही, मी तरी लावू देणार नाही. त्या वेळी खिडकी लावायला उठणार नाही. आईनं कबूल केलंय, थोरली तोंडानं नाही म्हणाली तर सोमवारी धाकटीचं नाव घालीन. मग मला जमेल तसं मी करेन. निदान विचारायला शिकेन.

पण ते तिनं तुझ्या तोंडून ऐकायला हवं, आणि त्याआधी तू तिच्या तोंडून ऐकायला हवंस. एकतीस तारखेच्या तपासणीनंतरही ती विचारेल, पण त्या विचारण्याला कुणी किंमत देणार नाही. आणि मला भीती त्याच्याही पुढची आहे. एखाद्या सकाळी ती तुला शाळेतून आणायला निघेल, आणि तू खरी समोर आलीस तर म्हणेल, कोण तुम्ही?

सकाळी ती बरी असते. उन्हं चढली की थकते. पहिल्या बसनं निघालो तर तू दुकान उघडायच्या सुमारास पोचू. मी तिला काय बोलायचं ते पढवणार नाही. वाटेत ती काय विसरेल सांगता येत नाही, पण एक गोष्ट ती रोज उठल्यावर आपणहून विचारते, थोरलीला कळलं का. मी रोज सांगते, कळलं. आता ते खरं आहे.

दार उघडावंसं वाटलं नाही तर उघडू नकोस. काकू म्हणाल्या दुकानासमोर पायरी आहे, तिच्यावर सावली असते. आम्ही बसू. आईला बसायला काही तरी हातात लागतं, तर तिचे रुमाल घेऊन येते. तुझं आतलं काम होईपर्यंत ती घड्या घालत बसेल, आणि तू शटर वर केलंस की तीच बोलेल. मी मागे उभी राहीन.

माझा कोरा कागदही पिशवीत टाकते आहे, तो खणातला. त्याचं आत्ता काही नाही. तुला ओझं म्हणून नाही. पण कुणाचं नाव लिहायचं हे मी ठरवलंय, आणि लिहिण्याआधी विचारायचं असतं हे आता मला ठाऊक आहे.

शनिवारी येतो. अठ्ठावीस मार्चला, सकाळी.

धाकटी